साडूला लिहून दिलेलं रोम

रोममध्ये चार दिवस मी ज्या कॅमेऱ्यानं फोटो काढत हिंडलो, त्यात रोल अडकलेलाच नव्हता.

कॅमेरा मित्राचा, रोल माझा, आणि तो भरण्याचं काम मीच हौसेनं केलेलं. छत्तीस फोटोंचा रोल. आकडा छत्तीसच्या पुढं सरकला, सदतीस झाला, अडतीस झाला, तेव्हा शंका यायची तर मला आनंद झाला. कंपनीनं चुकून फिल्म जादा भरली असणार, असं वाटलं. एकूण एकेचाळीस फोटो काढले, त्यातले पाच फुकटचे. कोल्हापूरला परत आल्यावर राजारामपुरीतला स्टुडिओवाला आतल्या अंधाऱ्या खोलीतनं बाहेर आला, रोल माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, ह्यो अजून सुरूच झाल्याला न्हाई. पुढच्या टायमाला वापरा."

तो पुढचा टाइम माझ्या आयुष्यात अजून आलेला नाही.

साल शहाण्णव. मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होतो. आमच्या मालकांनी मिलानजवळच्या एका कारखान्यातनं वापरलेलं मशीन विकत घेतलं आणि ते चालवतात कसं हे बघून यायला मला तीन आठवडे तिकडं धाडलं. मला इटालियन येत नव्हतं, तिथल्या कामगारांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. काम उरकल्यावर चार दिवस हातात राहिले. एवढ्या लांब आलोय तर रोम बघून जावं म्हणून रेल्वेत बसलो.

पायात कापशी चपला होत्या. हा माझा दुसरा शहाणपणा.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून काहीतरी द्यायचं असतं. माझे सासरे कागलचे, शेतकरी, मोजकं बोलणारे. त्यांनी दोन्ही जावयांसाठी कापशीच्या कारागिराकडनं मुद्दाम चपला करून घेतल्या, चालताना कर्रकर्र वाजणाऱ्या. थोरल्या जावयाच्या चपलांना लाल गोंडे आणि माझ्या चपलांना हिरवे, म्हणजे जेवणं झाल्यावर दारात अदलाबदल व्हायला नको. हिरव्या गोंड्यांच्या कापशी चपला मी त्याआधी कधी बघितल्या नव्हत्या.

रोमचे जुने रस्ते म्हणजे मुठीएवढे काळे दगड शेजारी शेजारी ठोकून बसवलेले. कोल्हापुरात वर्षभर टिकली असती ती चप्पल तिथं चौथ्या दिवशी बोलली. नदीच्या खालच्या अंगाला खापऱ्यांचा एक डोंगर आहे. जुन्या काळी बंदरावर तेलाचे रांजण उतरायचे, ते रिकामे झाले की फोडून तिथं टाकायचे, त्या ढिगाचाच डोंगर झाला आणि आता त्यावर गवत उगवलंय. तो बघून खाली उतरलो आणि उजव्या पायाचा अंगठा तुटला. चपलेचा. पाय ओढत दोन गल्ल्या पार केल्या तर जोडे दुरुस्त करणारा एक म्हातारा दिसला.

त्यानं चप्पल हातात घेतली, उलटी केली, वास घेतला, वेणीवरनं बोट फिरवलं आणि आतनं बायकोला हाक मारून तिलाही दाखवली. मग माझ्याकडं बघून मान हलवली. असलं चामडं त्याच्याकडं नव्हतं. फळीवरनं जुने सँडल काढून त्यानं माझ्यासमोर ठेवले आणि माझ्या चपला छातीशी धरल्या. हा सौदा आहे हे मला कळायला जरा वेळ लागला. मला गाडी गाठायची होती. मी सँडल घातले आणि निघालो.

परत आलो ते बरोबर कागलच्या उरसाला. उरसाचं जेवण म्हणजे सासुरवाडीचं कोर्ट. सगळी भावकी जमलेली, जमखान्यावर रांग, आणि सासऱ्यांच्या उजव्या हाताला बसायचा मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझ्या साडूंचा. हायवेला त्यांचं खतांचं दुकान होतं, आणि आवाज असा की पलीकडच्या पेट्रोलपंपावरच्या माणसाला खताचा भाव घरबसल्या कळावा.

पहिली भाकरी संपेपर्यंत मी रोममध्ये होतो. कोलोझियम सांगून झालं, सेंट पीटरचा घुमट सांगून झाला. तेवढ्यात साडूंनी हात पुढं केला.

"फोटो बघू."

मी रोलचं सांगितलं.

"बरं. पासपोर्ट हाय का संगट?"

संगट होता. शहाणा माणूस उरसाला पासपोर्ट घेऊन जात नाही. मी दाखवायला म्हणून नेला होता. साडूंनी पानं उलटली.

"ह्येच्यावर मिलान लिवलंय."

"विमान तिथं उतरलं. रोमला रेल्वेनं गेलो."

"रेल्वेचं तिकीट?"

"टाकलं."

मग बायकोनं मला वाचवायचं म्हणून आतनं कार्ड आणून दिलं. रोमहून मी तिला चित्राचं कार्ड पाठवलं होतं. व्हॅटिकनचं टपाल लवकर पोचतं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तिथल्या पेटीत टाकलं. साडूंनी शिक्का उजेडाला धरला.

"हे तर येगळंच गाव हाय."

"ते रोमच्या आतच आहे. म्हणजे देश वेगळा आहे, पण रोमच्या आत आहे."

हे वाक्य बोलता बोलताच ते मला स्वतःला खोटं वाटायला लागलं.

"देशाच्या आत देश," साडू म्हणाले. "वाढा की आनि एक भाकरी पावण्यास्नी. लई लांबनं आल्यात." मग सासऱ्यांकडं वळून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, "मामा, मीबी काल चंद्रावर जाऊन आलो बघा. रोल अडकला न्हवता."

रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं हसली. भाकरी वाढणारी माझी बायको पदर तोंडाला लावून आत पळाली, ती रडायला नव्हे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिथं एका चर्चच्या ओसरीत दगडी तोंड आहे. खोट्या माणसानं त्यात हात घातला की ते चावतं, अशी समजूत. मी हात घातला होता, एका जपानी पोरीला कॅमेरा देऊन फोटोही काढून घेतला होता. हात शाबूत बाहेर आला. माझ्या खरेपणाचा जगातला एकमेव पुरावा, आणि तो एकेचाळिसांतला तेरावा.

सासरे हसले नव्हते. त्यांनी दिवसभरात मला एवढंच विचारलं, "चपला घातल्या न्हाईसा?"

"कपाटात ठेवल्यात मामा. सणाला काढतो."

त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच खोटं, आणि लोकांनी विश्वास ठेवला तो तेवढ्यावरच.

पुढची आठ वर्षं मी रोमकर होतो. सासुरवाडीत कुणी जरा फुशारकी मारली की दुसरा विचारायचा, "खरं, का रोम?" हे हळूहळू माझ्या घरात शिरलं. उद्या नक्की आणतो म्हटलं की बायको म्हणायची, "रोमसारखं?" गॅस सिलिंडर, विजेचं बिल, साखरपुड्याचं आमंत्रण, माझ्या तोंडची कुठलीच गोष्ट सरळ कुणाच्या कानात जाईना. आणि दर उरसाला सासरे चपलांचं विचारायचे, दर उरसाला मी त्या कपाटात आहेत म्हणून सांगायचो. एकदा गुपचूप महाद्वार रोडला तसा जोड शोधला. गोंडे मिळाले ते पोपटी.

या आठ वर्षांत मी साडूंचं वाईट व्हावं असं रोज चिंतलं, असं नाही. रविवारी सुट्टी घ्यायचो.

मग दोन हजार चारला आणखी एक धोंड्याचा महिना आला, आणि जेवणाच्या पाटावर साडूंनी जाहीर केलं की खतांच्या कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना युरोपची सहल दिलीय. बायका नाहीत, निव्वळ दुकानदार. रोममध्ये दोन दिवस. एक दिवस बसमधनं, एक दिवस मोकळा.

"तर रोमकर," ते माझ्याकडं वळले, "तुमी गेलतासा न्हवं? मग त्या मोकळ्या दिवशी काय बघायचं त्ये लिवून द्या की. बघूया कागद खरा निघतोय का."

सगळे माझ्याकडं बघत होते. सासरे पण. मी म्हटलं, देतो.

घरी येताना एसटीत बायको म्हणाली, "नीट लिवा ओ. एकदाचं नाव तरी धुऊन निघंल."

तिचं म्हणणं खरं होतं. शुद्धीवरच्या माणसानं तेच केलं असतं. चांगल्या चार जागा लिहायच्या, साडूंनी त्या बघायच्या, येऊन सांगायचं, आणि आठ वर्षांचा डाग जायचा. पण मी टेबलावर कागद घेऊन बसलो आणि मला साडूंचे गुडघे आठवले.

साडूंचे गुडघे वाईट होते. दुकानाच्या माळ्यावर चढायचं तर ते दुसऱ्याला चढवायचे. कोलोझियम, त्रेवीचं कारंजं, सेंट पीटर हे सगळं त्यांना बस दाखवणारच होती. त्यावर माझा इलाज नव्हता. पण मोकळा दिवस माझा होता.

एक नंबरला मी पवित्र जिना लिहिला, येशू ज्याच्या पायऱ्या चढला असं तिकडं मानतात तो. अठ्ठावीस पायऱ्या, आणि त्या फक्त गुडघ्यांवर चढतात. पाय टेकवून चढायची तिथं सोयच नाही. शेजारी पायांनी चढायचे साधे जिने आहेत, ते मी लिहिले नाहीत. उलट लिहिलं, "अर्धवट सोडून उतरल्यास चांगलं दिसत नाही." साडू देवभोळे होते. ते सोडणार नव्हते.

दोन नंबरला टेकडीवरचं जुनं चर्च, एकशे चोवीस पायऱ्या, सरळ आभाळात गेलेल्या. त्यालाच लागून वर जायला रुंद, सोपा चढ आहे, घोडासुद्धा दमणार नाही असा. तोही कागदावर नाही.

तीन नंबरला दुसरी टेकडी आणि तिच्या माथ्यावरचं एक बंद दार. त्या दाराच्या कुलपाच्या भोकाला डोळा लावायचा. एवढंच बघायला माणसं रांग लावतात. मी लिहिलं, "चालतच जावे." साडू कुणाच्या तरी दाराच्या भोकाशी वाकलेत आणि मागं परदेशी लोक ताटकळलेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी दोन मिनिटं पेन खाली ठेवलं.

चार नंबरला खापऱ्यांचा डोंगर, कारण तो सगळ्यात लांब. आणि शेवटी, मला माहीत होतं की साडू मिरवायला म्हणून लाल गोंड्यांच्या कापशी चपलाच घालून जाणार, तर खाली गल्ली, वळण, सगळं खाणाखुणांसकट लिहिलं, "चप्पल तुटल्यास इथे म्हातारा आहे." तुटल्यास हा शब्द मी प्रार्थना करावी तसा लिहिला होता. आपल्या हातानं आपण कुणाचा पत्ता देतोय, हे त्या रंगात माझ्या डोक्यातच आलं नाही.

बायकोनं कागद वाचला. "ह्यात कोलोझियम न्हाई व्हय?"

"ते बस दाखवेल. हे कुणाला माहीत नसलेलं आहे. खास."

"चांगलं लिवलंय की," ती म्हणाली. तिला माझा अभिमान वाटला. हे मला अजून छळतं.

साडू गेले. मोकळा दिवस कुठला ते मी अक्कांकडनं, म्हणजे मेव्हणीकडनं, काढून घेतलं होतं. त्या दिवशी फाउंड्रीत साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिकडं सकाळचे नऊ. मी डबा उघडला आणि मनात म्हटलं, पहिली पायरी. घास खाल्ला. दुसरी. इतक्या चवीनं मी भाकरी-झुणका आयुष्यात खाल्लेला नाही. दुपारभर भट्टीसमोर उभा होतो, पण मनानं त्या एकशे चोवीस पायऱ्यांखाली उभं राहून वर बघत होतो. दुसऱ्या दिवशी बायको फोन ठेवून म्हणाली, "दाजींचं गुडघं सुजल्यात म्हनं. अक्का काळजीत हाय." मी संध्याकाळी जिलेबी घेऊन आलो. कशाची म्हणून विचारलं तर सांगितलं, फाउंड्रीतलं बंद पडलेलं मशीन सुरू झालं.

उरसाला साडू अल्बम घेऊन आले. जमखान्यावर बसताना एक हात भिंतीला धरावा लागला आणि माझ्या पोटात गार वाटलं. पण ते सुख तेवढंच टिकलं.

कारण बसमधनं दिसलेलं रोम त्यांनी दोन मिनिटांत उरकलं. "कोलोझियम बघितलं. खासबागेचं कुस्त्यांचं मैदान हाय न्हवं, तसंच, पर पडल्यालं. गर्दी नुसती." आणि मग माझा कागद सुरू झाला. पवित्र जिना सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. सतराव्या पायरीला आता होत नाही असं झालं, तर शेजारच्या एका म्हातारीनं न बोलता हात दिला, दोघं मिळून वर गेले, वर गेल्यावर दोघं रडले. बायकांच्या पंगतीतनं कुणीतरी नाक ओढलं. सासऱ्यांनी साडूंच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी कुणाच्या अंगावर हात ठेवलेला मी तोवर बघितला नव्हता. माझ्या तर नाहीच.

कुलपाच्या भोकाचा फोटो हातोहात फिरला. काळं गोल, त्यात दोन्हीकडनं झाडी, आणि मधोमध सेंट पीटरचा घुमट, आंब्याएवढा. "एवढ्याशा भोकात एवढा घुमट," साडू सांगत होते. "बसवाल्या एकालाबी ठाव न्हवतं. मी सगळ्या दुकानदारास्नी घेऊन गेलो. आमच्या घरचा माणूस येऊन गेलाय, त्येनं लिवून दिलंय म्हटलं."

आमच्या घरचा माणूस म्हणजे मी.

"मामा," ते सासऱ्यांकडं वळले, "आठ वर्सं मी ह्यास्नी रोमकर म्हनत हुतो. कागदातला शबूद न शबूद खरा निघाला. चुकलं माझं."

बायको दारात भाकरीचं ताट घेऊन उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. ज्या माणसाचे गुडघे मी मोडायला काढले होते, त्याच्याच तोंडून माझी अब्रू परत येत होती, आणि ती घेऊ की नको हे मला ठरवता येईना.

तेवढ्यात साडू माझ्याकडं झुकले आणि फक्त मलाच ऐकू येईल असं बोलले. त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"एकशे चोवीस मोजल्या मी, पावणं. शेजारी सोपा रस्ता हुता."

आणि मोठ्यानं, "मामा, आनि ह्यो शेवटचा फोटो. पुरावाच म्हना की."

त्यांच्या चपला तुटल्या नव्हत्या. कागदावर होतं म्हणून ते त्या गल्लीत गेले होते. दगडांवर कर्रकर्र वाजलं, तो आवाज ऐकून म्हातारा आपणहून दुकानाबाहेर आला, त्यांच्या पायांकडं बघितलं, दंडाला धरून आत नेलं आणि भिंतीकडं बोट केलं. फोटोत साडू आणि तो म्हातारा खांद्यावर हात टाकून उभे होते. मागं भिंतीवर खिळा, आणि खिळ्याला देवाच्या तसबिरीसारखा लटकवलेला कापशी चपलांचा जोड. उजव्याचा अंगठा तुटलेला. गोंडे जरा विटलेले, पण हिरवे.

"आता तरी कुनी म्हनायचं न्हाई," साडू गोड आवाजात म्हणाले, "की ह्ये रोमला गेलं न्हवतं म्हनून."

सासऱ्यांनी चष्मा मागवला. तो येईपर्यंत फोटो हातात धरून बसले. चष्मा आल्यावर फोटो लांब धरला, मग जवळ घेतला, मग त्या गोंड्यावर अंगठा ठेवला. मी भाताकडं बघत होतो. आठ उरूस मी त्या कपाटाचं दार या माणसासमोर लावून घेतलं होतं.

"रोमचं खरं हाय तर," सासरे म्हणाले.

मी हो म्हटलं.

"आनि कपाटाचं खोटं." त्यांनी फोटो साडूंकडं परत दिला, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि ताट पुढं ओढलं. "थोरलं पावणं तुमास्नी खोटं म्हनत हुतं, त्ये चुकलं न्हवतं बघा. निस्ती जागा चुकलं हुतं."